नऊ वळ

शाहूपुरी, कोल्हापूर
सोमवार, ३ मार्च २०२५

आक्का,

खोका परत पाठवलास ना? वा! एकवीस वर्षं माझा फोन उचलत नाहीस, भाऊबीजेला दार उघडत नाहीस, ते सगळं मी गिळलं. हे गिळणार नाही. म्हणून लिहितोय आणि ड्रायव्हरच्या हातानं पाठवतोय. न वाचता फाडलंस तर बघ.

माझा माणूस दवाखान्याच्या दारातनं खोका तसाच घेऊन आला. म्हणाला, "साहेब, घेतला न्हाय. ज्यानं दिलाय त्याच्या तोंडावर मार म्हणाले." म्हणाले म्हणजे कोण? तूच की! दुसरं कोण म्हणणार?

त्यात काय होतं ते तुला कळतंय का? शुक्रवारी भैरवी मॅडमचा फोन आला, रक्ताच्या डॉक्टर आहेत त्या. सम्राट माझा भाचा आहे हे त्यांना ठाऊकसुद्धा नव्हतं. म्हणाल्या, हातकणंगल्यात बावीस वर्षांचा पेशंट आहे, हिमोफिलिया, मोटारसायकलवरनं घसरला, जांघेत आतल्या आत रक्त साठतंय. नेहमीचं इंजेक्शन आता त्याचं अंग मानत नाही, दिलं की अंगच ते मारून टाकतं. असल्या पेशंटला चालणारं औषध ह्या जिल्ह्यात एकटी माझी कंपनी ठेवते. एक खोका शिल्लक होता. तो मी स्वतः बर्फाच्या पेटीत घालून पाठवला. आणि तू तो दारातनं हाकललास.

आज चौथा दिवस. शीर दाबून राहिली की पाय गेला. रक्त वर पोटाकडं चढलं की पोरगंच गेलं. तुझ्या हट्टापायी मी त्याला मरू देणार नाही. उद्या चार माणसं घेऊन येतो आणि खाटेसकट उचलून त्याला कोल्हापूरला आणतो. जो आडवा येईल त्याचे हातपाय मोडीन, मग ते दाजी असोत नाहीतर तू.

गेल्या महिन्यात उद्योजकांच्या सभेत माझा सत्कार झाला, पेपरात अर्धं पान मुलाखत आली. मी सांगितलं, माझा धाकटा भाऊ ज्ञानू सोळाव्या वर्षी ट्रॉलीवरनं पडला, रक्त थांबेना, औषध मिळालं नाही म्हणून गेला, म्हणून ही 'ज्ञानू बायोकेअर' काढली. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ते कात्रण पाकिटात घालून खोक्यावर चिकटवलंतं, तुला दिसावं म्हणून. औषधाचं सील तसंच आहे, पाकीट तेवढं फोडलंय. म्हणजे वाचलंस, आणि वाचूनसुद्धा परत पाठवलंस! त्या अपघाताचं भूत अजून किती वर्षं माझ्या मानेवर बसवणार आहेस?

आकाराम


शाहूपुरी
मंगळवार, ४ मार्च

आक्का,

आलो नाही. येणार होतो, माणसं गाडीत बसलीसुद्धा होती. सकाळी गोदामात डोकावलो आणि तिथंच सगळं बिघडलं. उद्या कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेल, त्यापेक्षा मीच सांगतो.

परत आलेलं औषध लगेच फ्रीजमध्ये घालायचं असतं. गोदामाचा मॅनेजर राजवर्धन बारा वर्षं माझ्याकडं आहे, त्याला हे सांगायला नको. त्यानं काल दुपारी खोका टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या कामाला लागला. आज सकाळी बघतो तर खोका तिथंच. वर पत्रा, खाली मार्चचा उकाडा. औषधासोबतचं तापमानाचं चिन्ह लाल झालेलं. सम्राटचं औषध कचऱ्यात गेलं.

"का ठेवलं नाहीस?" म्हणून विचारलं. म्हणाला, "साहेब, कंबर धरलीया. खालच्या खणात वाकायला येईना. कुणालातरी सांगणार व्हतो, राहून गेलं."

मी म्हटलं, "अंग चोरतोस?" आणि मारलं.

पहिल्या ठोशाला चष्मा फुटला, दुसऱ्याला दात. तो खाली पडला तरी मी थांबलो नाही. बुटानं मारलं, पाठीत मारलं, बरगडीत मारलं. बायका किंचाळत होत्या. कुणी जवळ यायला धजेना, मालक पडलो ना मी! शेवटी पॅकिंगमधल्या मोनानं मागनं माझ्या पाठीत लोखंडी खुर्ची घातली, तेव्हा थांबलो. चांगली घातली. अजून पाठ ठणकतेय.

त्याचे दोन दात गेलेत आणि एक बरगडी चिरलीय. आणि आक्का, त्याच्या शर्टाखाली खरंच कमरेचा पट्टा होता, डॉक्टरनं दिलेला. लाथ मारताना माझ्या बुटाला लागला तो. पट्टा आहे हे मला कळलं, आणि कळूनसुद्धा मी आणखी दोन मारल्या.

रक्ताचा शर्ट पूर्णिमानं हातात घेतला नाही. वीस वर्षांचा संसार आमचा, असं कधी केलं नव्हतं तिनं. म्हणाली, "तुमचं तुम्ही धुवा. आणि 'अंग चोरतोस' हे तुम्ही झोपेतसुद्धा ओरडता. कुणाला ओरडता?" बायकोलासुद्धा मी ट्रॉलीच सांगितलीय.

तुला काय सांगायचं! तू गोठ्याच्या दारात उभी होतीस.

दुसरा खोका मुंबईहून निघालाय, गुरुवारी सकाळी माझ्या हातात पडेल. ह्या वेळी परत पाठवू नकोस. काल वाटेल ते लिहिलं, ते विसर. माणसं आणत नाही. पाया पडतो तुझ्या, पोराला औषध घेऊ दे.

आकाराम


हातकणंगले
बुधवार, ५ मार्च

आकाराम,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. मला दम देऊ नगंस. तुझ्या दमाला भ्यायचं दिवस माझं सरलं.

खोका मी परत पाठवला न्हाय. सम्राटनं पाठवला. मी पदर पसरून घेणार व्हते. पोटचं पोरगं मरतंय आन् मी मानपान धरून बसंन व्हय रं? एवढी बी वळख ऱ्हायली न्हाय तुला बहिणीची!

पर आधी त्यानं तुझं कात्रण वाचलं. लई येळ वाचत बसला. मग मला म्हणाला, "आई, मी जलमभर पडत आलोय. पडल्यावर गुडघा सुजतोय, कोपर सुजतंय. गावाकडची चुलतआज्जी म्हणायची, ज्ञानूमामाच्या पाठीवर वळ हुतं. पडून पाठीवर वळ कसं उठतील?" मी काय सांगणार? म्हटलं, त्यालाच इचार.

ज्ञानूचा सदरा बदलताना मी मोजलंतं. नऊ. त्यो आकडा मी आजपतूर कुणाला सांगितला न्हाय, नवऱ्याला बी न्हाय. आबांच्या अब्रूपायी मी बी सगळ्यांस्नी ट्रॉलीच सांगितली. तुझं तोंड का बघत न्हाय म्हणतोस? तुझं बघितलं की मला माझं दिसतंय.

सम्राट म्हणतोय, "मामानं हितं येऊन माझ्या तोंडावर खरं सांगावं. मग औषध घ्यायचं का न्हाय ते मी बघीन. खोटं बोलणाऱ्याची सुई माझ्या अंगात शिरायची न्हाय." डॉक्टरीण बाईंनी समजावलं. मी त्याच्या पाया पडले, आई असून. ऐकंना. हट्ट कुणाचा घेतलाय ते तुला सांगाय नगं.

मांडीला चिमटा काढला तर त्याला कळंना झालंय. ये. एकटा ये.

आक्का


शाहूपुरी
बुधवार, ५ मार्च, दुपार

आक्का,

उद्या खोका घेऊन मीच येतो. त्याआधी हे लिहितोय, कारण तुला जे ठाऊक आहे ते अर्धंच आहे. पोरासमोर तेवढं अर्धं सांगून सुटावं असं माझ्या मनात आलंतं, खोटं कशाला बोलू! तुझ्या हातात कागद असला की मला पळता येणार नाही.

जत्रेच्या मैदानात ज्ञानूची कुस्तीची जोड मीच लावलेली. आई नव्हती, आबांना तालमीपुढं काही दिसायचं नाही, आणि घरात दोन पैलवान पाहिजेत हा माझाच हट्ट. दोन महिने तो सांगत होता, "दादा, गुडघा सुजलाय." मी म्हणायचो, अंग चोरतोय. शेवटी वस्तादांपुढं नेला. त्यांनी तेल लावून गुडघा रगडला आणि ओढून सरळ केला. ज्ञानू ओरडायला लागला, तसं मी त्याचं तोंड दाबून धरलं. माझ्या तळहाताला चावला तो. सूज आली की रगडायची आणि रगडून उतरली नाही की बैठका मारायच्या, एवढंच आमचं शास्त्र. रगडल्यानं आत रक्त वाढतंय हे कुणाच्या बापाला ठाऊक होतं? ती चूक मी वस्तादांना माफ केली आणि स्वतःलाही केली. पुढचं माफ करण्यातलं नाही.

मैदानात हलगी वाजली, ज्ञानूचं नाव पुकारलं, आणि ज्ञानू नाही. समोरच्या गावचा एकजण ओरडला, "तुमचा पैलवान उसात लपला की ओ पावणं!" सगळं मैदान हसलं. आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मी त्याला उसातनं केसाला धरून ओढत घरी आणला. लंगडत होता, पडत होता, मी ओढत होतो. गोठ्यात बैलाचा कासरा टांगलेला. पुढचं तू बघितलंस. तू मधी पडलीस, मी तुला ढकललं, दगडी गव्हाणीवर तुझं कपाळ फुटलं. आबा ओसरीवरनं म्हणाले, "लागू दे वळण."

तू मोजलेस ते नऊ कासऱ्याचे. लाथांचे वळ उठत नाहीत. पोटात तीन घातल्या. तो मला शिवी देत नव्हता, हात उचलत नव्हता. "दादा, खरंच चालता येत न्हाय," एवढंच म्हणत होता.

आता तुला ठाऊक नसलेलं. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट टम्म फुगलं, लघवी लाल व्हायला लागली. आबांची पाचावर धारण बसली. मला म्हणाले, नेसरीला जा, जीप आण, पोराला गडहिंग्लजला न्यायचं. मी सायकल मारत गेलो, तासाभरानं परत आलो आणि सांगितलं, जीप लग्नाच्या भाड्याला गेलीय. तू त्या जीपवाल्याला किती शिव्या घातल्यास, आठवतंय?

आक्का, जीप दारात उभी होती. जीपवाला खाटेवर बसून चहा पीत होता. मला म्हणाला, "काय रं, कुठं जायचंय?" मी म्हटलं, "कुठं न्हाय, सहज आलतो." दवाखान्यात सदरा काढला असता, वळ दिसले असते, पोलीस आले असते. वीस वर्षांचा होतो मी, मला जेलची भीती वाटली. तिथनं ज्ञानू आणखी एक दिवस आणि एक रात्र जगला. सारखा पाणी मागत होता, आणि पाणी मी पाजलं.

औषध मिळालं नाही म्हणून भाऊ गेला, असं मी पेपरात सांगितलं. औषध मिळायला दवाखान्यापर्यंत पोचावं लागतं. मी पोचू दिलं नाही.

मग सम्राट झाला. कान टोचले आणि तीन दिवस रक्त थांबलं नाही, तेव्हा डॉक्टरनं तुला विचारलं, माहेरी भाऊ कुणी असा रक्तानं गेलाय का. तू माझ्या दारात येऊन तेवढंच सांगितलंस, माझ्या उंबऱ्यावर थुंकलीस आणि गेलीस. मी कुणाला मारलंतं ते मला त्या दिवशी कळलं. अंग चोरणाऱ्याला नाही, आजारी पोराला मारलंतं. त्या वेळी मी एका होलसेलवाल्याचा औषधांचा माल दुकानादुकानात पोचवायचो. दोन वर्षांत स्वतःचं सुरू केलं.

लोक विचारतात, एवढ्या थोड्या पेशंटसाठी कशाला असला धंदा करता? मी सेवा, समाधान असलं काहीतरी बोलतो. खरं सांगू? खोका घेऊन गाडी निघाली की मला वाटतं, जीप निघाली. तेवढा दिवस जेवण जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप परत दारात उभी. म्हणून आणखी एक खोका, आणखी एक गाडी. ह्यात पुण्याई काही नाही. भीती आहे नुसती.

हे सगळं उद्या पोराला सांगतो. मग तो काय करायचं ते करू दे.

आकाराम


शाहूपुरी
शनिवार, ८ मार्च

आक्का,

भैरवी मॅडमचा फोन आलता. मांडीला कळायला लागलंय, रक्त थांबलंय, पाय वाचेल म्हणाल्या. तुला माझ्याआधी ठाऊक असणार. लिहायला बरं वाटलं म्हणून लिहिलं.

राजवर्धननं पोलिसांत तक्रार दिलीय. वकील म्हणत होता, मिटवून टाकू. मी नको म्हटलं. जे केलं ते तसंच लिहून दिलं, पट्ट्याचंसुद्धा. त्या मुलाखतवाल्यालाही बोलावून सांगितलं. वही मिटली बिचाऱ्यानं. म्हणाला, "साहेब, हे छापायचं?" म्हटलं, छाप. पूर्णिमाला मात्र आधी सांगितलं. ती कालपासून माहेरी आहे. बोलावलं नाही मी तिला.

आता गुरुवारचं. तू बाहेर बाकावर होतीस, दार मी लावून घेतलंतं. आत काय झालं ते सम्राट तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

पोरगं उशीला टेकून बसलंतं. तोंड पांढरंफटक. आणि आक्का, कपाळ, भुवया, सगळा ज्ञानूच की गं! मला कुणी सांगितलं नव्हतं. मी खुर्चीवर बसलो नाही. उभ्यानं सगळं सांगितलं, जोड, ऊस, कासरा, लाथा, जीप. जीपचं आलं तेव्हा त्यानं डोळे मिटले. माझं संपलं तेव्हा उघडले.

मग म्हणाला, "मामा, जवळ या."

गेलो. त्यानं थोबाडीत मारली. आजारी पोराची, तरी चांगली सणसणीत. मी गाल पुढं केला. दुसरी मारली. तिसरीला मूठ वळली आणि माझ्या गालाच्या हाडावर घातली. त्याच्या बोटांचा आवाज मला ऐकू आला. चौथी आली ती डोळ्यावर. माझ्या तोंडात रक्त आलं त्याचं काही नाही, पण त्याची मूठ माझ्या डोळ्यांदेखत सुजायला लागली. बोटं टम्म फुगली, मागचं कातडं काळंनिळं.

मी ओरडलो, "बास! हात जाईल तुझा!"

"जाऊ दे," म्हणाला. "ज्ञानूमामाला एक तरी मारायला मिळाली का?"

आणि परत मूठ उचलली. मी आडवा हात घातला नाही, धरायला गेलो असतो तर त्यालाच लागलं असतं. काय करावं सुचेना. पायातलं पायताण काढलं आणि त्याच्या डाव्या हातात दिलं. म्हटलं, "ह्यानं मार. लागेल तितकं मार, मी हलत नाही. पण तुझा हात वापरू नकोस, पोरा. तुझ्या हातानं मारायची माझी लायकी नाही."

पायताण घेतलं त्यानं. वर उचललं. मी डोळे मिटले. मारलं नाही, भिंतीवर फेकलं आणि रडायला लागला. एवढा मोठा बाप्या, हमसून हमसून रडला. मी बी रडलो. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा रडलो, ज्ञानूच्या तिरडीपुढं सुद्धा नुसता उभा होतो.

रडणं थांबल्यावर म्हणाला, "पेपरात खरं सांगणार?"

"सांगणार."

"आणि आईला लिहिलंत त्या मॅनेजरची माफी?"

"मागतो. तो देईल असं नाही."

"देऊ नये त्यानं," म्हणाला. आणि चांगला हात पुढं केला. "बोलवा सिस्टरला. घाला सुई."

सिस्टरनं औषध घातलं. म्हणाली, सुजलेला हात छातीच्या वर धरून ठेवायला पाहिजे, खाली सोडायचा नाही. मी धरायला पुढं झालो. त्यानं माझ्याकडं बघितलं, पण हात काढून घेतला नाही.

तेवढ्यात तू आत आलीस. माझं फुटलेलं तोंड बघितलंस, त्याचा हात माझ्या हातात बघितलास. "कुणी मारलं?" म्हणालीस. "मी," तो म्हणाला. तू तशीच वळलीस. बाहेर गेलीस आणि भांडंभर बर्फ घेऊन आलीस. सगळा बर्फ त्याच्या हाताला लावलास, माझ्या तोंडाला एक खडा दिला नाहीस.

बरं केलंस.

आकाराम